एकच घर, दोन कर : ‘निवासी’ या एका शब्दाची किंमत

ठाण्यातील एका जुन्या गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेचे उदाहरण घेऊ. वडिलांनी ती गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात घेतली. आता आईवडील दोघेही हयात नाहीत आणि मृत्युपत्रानुसार मुलगी व मुलगा निम्म्या-निम्म्या वाट्याचे मालक झाले आहेत. मुलगी डोंबिवलीला राहते, तर मुलगा वीस वर्षांपासून न्यू जर्सीत नोकरी करतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षात दोघे मिळून हे घर एक कोटी रुपयांना विकतात. खरेदीखत एक, खरेदीदार एक, प्रत्येकाच्या वाट्याची रक्कम पन्नास लाख. मात्र भारत सरकारला द्यावयाचा कर, अधिभार आणि उपकर वगळता, बहिणीला २ लाख ४८ हजार रुपये येतो आणि भावाला ५ लाख.

बहिणीने कोणतीही युक्ती केलेली नाही आणि भावाच्या हिशेबात चूक नाही. फरक आहे तो २०२४ च्या अर्थसंकल्पानंतर कायद्यात शिरलेल्या ‘निवासी’ या शब्दाचा. परदेशस्थ मराठी कुटुंबांत आज आईवडिलांच्या पिढीची घरे विकण्याचा काळ सुरू आहे. अशा वेळी कागदपत्रांत येणारे काही शब्द नुसते तांत्रिक राहत नाहीत. त्यांच्या अर्थावर काही लाख रुपये अवलंबून असतात आणि काही वेळा बहीण-भावाचे संबंधही.

आधी हा आकडा कसा आला ते पाहू. मालमत्ता चोवीस महिन्यांहून अधिक काळ ताब्यात असेल तर विक्रीतून होणाऱ्या फायद्यास दीर्घकालीन भांडवली नफा म्हणतात. घर वारशाने आले असेल तर मूळ मालकाचा खरेदीखर्च वारसाचा खर्च धरला जातो. खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल, तर त्या दिवशीचे वाजवी बाजारमूल्य खर्च म्हणून घेता येते. हे मूल्य सरकारमान्य मूल्यांककाकडून ठरवून घ्यावे लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा, म्हणजे बोलीभाषेत रेडीरेकनरच्या दरापेक्षा, अधिक दाखवता येत नाही. ठाण्याच्या घराचे २००१ चे मूल्य वीस लाख रुपये होते असे धरू.

इंडेक्सेशन म्हणजे या वीस लाखांवर महागाईची पुटे चढवणे. केंद्र सरकार दरवर्षी खर्च महागाई निर्देशांक जाहीर करते. २००१-०२ साठी तो १०० आहे आणि २०२५-२६ साठी ३७६. म्हणजे वीस लाखांचे ७५ लाख २० हजार झाले. एक कोटीतून ते वजा केले की नफा २४ लाख ८० हजार उरतो आणि त्यावर २० टक्के कर होतो ४ लाख ९६ हजार. नव्या पद्धतीत महागाईला जागा नाही. एक कोटीतून थेट वीस लाख वजा, नफा ८० लाख, त्यावर साडेबारा टक्के म्हणजे १० लाख. बहिणीला या दोहोंपैकी जो कर कमी असेल त्याचा निम्मा भरावयाचा आहे. भावाला निवड नाही.

वारशाच्या घराबाबत एक उपप्रश्न नेहमी उपस्थित होतो : निर्देशांक कोणत्या वर्षापासून मोजायचा, वडिलांच्या की वारसाच्या मालकीपासून? कायद्याची शब्दयोजना वारसाच्या बाजूची नव्हती. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली मूळ मालकाच्या वर्षापासून मोजण्याचा अर्थ मान्य केला आणि बहिणीचा वरील हिशेब त्याच निर्णयावर उभा आहे.

जुलैची घोषणा, ऑगस्टची माघार

२३ जुलै २०२४ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सादर केलेल्या अर्थसंकल्पाने स्थावर मालमत्तेवरील दीर्घकालीन नफ्याचा दर २० वरून १२.५ टक्क्यांवर आणला आणि त्याच दिवसापासून इंडेक्सेशन काढून घेतले. दर कमी झाला एवढेच ऐकणाऱ्यांना आनंद झाला. ज्यांनी कागदावर आकडेमोड केली त्यांची झोप उडाली. विरोध इतका झाला की पुढच्याच महिन्यात विधेयकात दुरुस्ती करून २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनी व इमारतींसाठी जुना पर्याय परत देण्यात आला. मात्र तो केवळ निवासी व्यक्तींना आणि निवासी हिंदू अविभक्त कुटुंबांना. अनिवासी भारतीय, मग त्यांच्याकडे भारतीय पारपत्र असो वा ओसीआय कार्ड, या सवलतीबाहेर राहिले.

या भेदाचे समर्थन करता येणारच नाही असे नाही. निवासी व्यक्ती जगभरातील उत्पन्नावर भारतात कर भरते, अनिवासी केवळ भारतातील उत्पन्नावर. दोघांची करव्यवस्था वेगळी असण्यात नवे काही नाही. परंतु जुलै २०२४ पूर्वी घराच्या बाबतीत हा भेद नव्हता, आणि सवलतीमागचा हेतू जुन्या खरेदीदारांना मध्येच बदललेल्या नियमांपासून वाचवण्याचा होता. ज्याने १९९५ साली सौदीतून पैसे पाठवून कोल्हापुरात घर घेतले, त्याच्यासाठीही नियम मध्येच बदलला. महागाईही त्याच्या घराला वगळून झाली नव्हती. कायद्यात अनिवासींसाठी परकीय चलनात नफा मोजण्याची जुनी तरतूद आहे, पण ती भारतीय कंपन्यांच्या समभागांना व कर्जरोख्यांना लागू होते, घराला नाही. रुपयाची घसरण आणि महागाई असे दोन्ही बोजे घर विकणाऱ्या अनिवासीच्या माथी राहतात.

प्रत्येकाचेच नुकसान झाले असेही नाही. २००१ पूर्वीच्या घराची किंमत तेव्हापासून सुमारे ८.४ पटींहून अधिक वाढली असेल, तर २०२५-२६ च्या विक्रीत नवी पद्धतच स्वस्त पडते. दहा लाखांचे घर एक कोटीला गेले तर जुना कर १२ लाख ४८ हजार आणि नवा ११ लाख २५ हजार. दादर, पार्ले किंवा पुण्यातील डेक्कन परिसरातील जुन्या घरांच्या मालकांनी म्हणूनच तक्रार करण्यापूर्वी हिशेब करून पाहावा.

खरा फटका बसला तो २०१० नंतर गुंतवणूक म्हणून सदनिका घेणाऱ्यांना. पुण्याच्या वेशीवर २०१२-१३ साली ८० लाखांना घेतलेली आणि २०२५-२६ मध्ये १ कोटी ३० लाखांना विकलेली सदनिका घ्या. खरेदीच्या वर्षीचा निर्देशांक २०० होता, त्यामुळे इंडेक्सेशननंतरचा खर्च १ कोटी ५० लाख ४० हजार. म्हणजे महागाई लक्षात घेता मालक तोट्यात आहे आणि निवासी असेल तर त्याला कर शून्य. तोच मालक लंडनला राहत असेल तर कागदावरील ५० लाखांच्या नफ्यावर सव्वासहा लाखांचा कर. ज्या वर्षांत आयटी क्षेत्रातील हजारो मराठी तरुण परदेशी गेले आणि पहिल्या बचतीतून हिंजवडी, वाघोली, खारघर येथे घरे घेतली, ती वर्षे बहुतांशी अशाच मंद बाजाराची होती.

करकपात : एकूण रकमेवर की नफ्यावर?

कर किती हा एक प्रश्न. तो आधी कोण कापून ठेवणार हा दुसरा, आणि व्यवहारात यानेच अधिक मनस्ताप होतो. निवासी विक्रेत्याकडून पन्नास लाख वा त्याहून अधिक किमतीचे घर घेताना खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून ही मर्यादा सर्व विक्रेत्यांची रक्कम एकत्र करून मोजली जाते, त्यामुळे डोंबिवलीच्या बहिणीच्या पन्नास लाखांतूनही पन्नास हजार कापले जातील. अनिवासी विक्रेत्याला मात्र किमान मर्यादाच नाही आणि दर एक टक्का नसून भांडवली नफ्याचा पूर्ण दर, अधिभार व उपकरासह.

कायदा म्हणतो की ‘करपात्र रकमेवर’ कपात करावी. पण करपात्र रक्कम किती हे खरेदीदाराने कसे ठरवावे? विक्रेत्याचा मूळ खर्च त्याला ठाऊक नसतो, आणि कपात कमी पडली तर कायद्याच्या भाषेत तोच कसूरदार करदाता ठरतो. म्हणून सावध खरेदीदार, आणि त्याला कर्ज देणारी बँक, संपूर्ण विक्रीकिमतीवर कपातीचा आग्रह धरतात. पुण्याच्या उदाहरणात १ कोटी ३० लाखांवर १५ टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरून दर होतो १४.९५ टक्के आणि कपात सुमारे १९ लाख ४३ हजार. इतर भारतीय उत्पन्न नसेल तर प्रत्यक्ष देय कर, उपकरासह, साडेसहा लाख. उरलेले जवळजवळ तेरा लाख विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत सरकारजमा.

यावर उपाय आहे आणि तो कायद्यातच आहे : कमी दराने कपात करण्याचे प्रमाणपत्र. विक्रेता खर्चाचे कागद दाखवून आयकर अधिकाऱ्याकडे अर्ज करतो आणि अधिकारी प्रत्यक्ष नफ्यावर आधारित कपातीस परवानगी देतो. अडचण वेळेची आहे. अर्ज सामान्यतः खरेदीदार व किंमत ठरल्यावर करावा लागतो आणि प्रमाणपत्र हाती येण्यास काही आठवडे जातात. तोवर खरेदीदाराने थांबावे लागते. म्हणून साठेखतातच या प्रमाणपत्रासाठी मुदत लिहून ठेवणे शहाणपणाचे. दोन आठवड्यांच्या सुट्टीत येऊन घर विकून परतण्याचा बेत या एका कागदापायी कोलमडलेला अनेक कुटुंबांनी पाहिला आहे.

याहून घातक प्रकार म्हणजे विक्रेता अनिवासी असल्याचे कागदावर न येऊ देणे. जुना भारतीय पत्ता, जुने आधार कार्ड, आणि ‘एक टक्काच कापा, बाकी आम्ही पाहून घेऊ’ असा दलालाचा सल्ला. या मार्गाने गेल्यास खरेदीदारावर पुढे मागणीची नोटीस येऊ शकते आणि विक्रेत्याला पैसे परदेशी नेताना प्रत्येक पायरीवर स्पष्टीकरण द्यावे लागते. अनिवासी सामान्य खात्यातून, म्हणजे एनआरओ खात्यातून, एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंतची रक्कम बाहेर पाठवता येते, वारशाने आलेल्या मालमत्तेची रक्कमही. पण त्यासाठी कर भरल्याचा दाखला आणि सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र लागते. जो कर सुरुवातीला दडवला, तो तेथे उघडा पडतो.

निवासी म्हणजे कोण?

‘निवासी’ या शब्दाचा पारपत्राशी संबंध नाही. आयकर कायद्यात तो दिवसांचा हिशेब आहे. आर्थिक वर्षात १८२ वा अधिक दिवस भारतात राहणारी व्यक्ती त्या वर्षासाठी निवासी. परकीय चलन कायदा, म्हणजे फेमा, वेगळ्या तराजूने तोलतो. तेथे नोकरीसाठी देश सोडण्याचा वा कायमचे परतण्याचा हेतू महत्त्वाचा असतो. त्यामुळे एकच माणूस एकाच वर्षी एका कायद्याने निवासी आणि दुसऱ्याने अनिवासी असू शकतो. डिसेंबरमध्ये परदेशी रुजू झालेला अभियंता फेमाच्या दृष्टीने लगेच अनिवासी होतो, पण आयकरासाठी त्या वर्षी तो निवासीच असतो. त्या वर्षी घर विकल्यास इंडेक्सेशनचा पर्याय त्याला मिळतो.

हेच उलट दिशेने परतणाऱ्यांना लागू आहे. कायमचे भारतात यायचे ठरले असेल, तर घराची विक्री परतण्याच्या वर्षात करायची की आधी, हा निर्णय काही लाखांचा आहे. परतलेली व्यक्ती पहिली एक-दोन वर्षे बहुधा ‘निवासी, परंतु सामान्यतः निवासी नव्हे’ अशा मधल्या वर्गात मोडते. मात्र इंडेक्सेशनच्या तरतुदीतील शब्द केवळ ‘निवासी’ आहे आणि हा मधला वर्ग निवासींचाच उपवर्ग आहे. निवासी असण्याचा आणखी एक लाभ कमी बोलला जातो : इतर उत्पन्न नसल्यास करमुक्त मर्यादेचा न वापरलेला भाग दीर्घकालीन नफ्यातून वजा करता येतो. अनिवासीला ही सोय नाही.

आखातातील वाचकांसाठी यात एक विचित्र वळण आहे. भारतीय नागरिक असलेली आणि कोणत्याही देशात कर देण्यास पात्र नसलेली व्यक्ती, तिचे भारतीय उत्पन्न पंधरा लाखांवर गेल्यास, कायद्याने ‘मानीव निवासी’ समजली जाते. २०२० साली आलेली ही तरतूद तेव्हा धास्तीचा विषय झाली होती. घराच्या विक्रीतील नफ्याने हीच मर्यादा ओलांडली, तर दुबईतील विक्रेता आपण मानीव का होईना, निवासी आहोत असे म्हणू शकतो काय? शब्दांच्या आधारे युक्तिवाद उभा राहतो. पण करार, कपात आणि विवरणपत्र या तिन्ही ठिकाणी त्याचे परिणाम होत असल्याने लेखी सल्ल्याशिवाय त्यावर विसंबणे धोक्याचे.

हक्कसोडपत्राचा मोह

करातील हा फरक पाहून कुटुंबात हमखास एक सूचना पुढे येते : भावाने बहिणीच्या नावे हक्कसोडपत्र करावे, बहिणीने एकटीने घर विकावे आणि भावाचा वाटा नंतर भेट म्हणून द्यावा. महाराष्ट्रात वारशाच्या मालमत्तेचे भावंडांमधील विनामोबदला हक्कसोडपत्र नाममात्र मुद्रांक शुल्कात नोंदवता येते, आणि भावंडांमधील भेट आयकरातून मुक्त आहे. कागदावर सारे सोपे वाटते.

परंतु हक्कसोड म्हणजे हक्क सोडणेच. दुय्यम निबंधकासमोर नोंदणी झाली की भावाकडे कायदेशीर काहीच उरत नाही. ‘नंतर देईन’ हा शब्द लिहून घेतला तर व्यवहार विनामोबदला राहत नाही, आणि लिहून घेतला नाही तर सारा भरवसा नात्यावर. बहिणीच्या हाती पैसा येईपर्यंत तिचे आजारपण, तिच्या मुलांची मते, तिच्या घरातील इतरांचे विचार असे बरेच काही मध्ये येऊ शकते. शिवाय आधीच ठरवून केलेल्या अशा साखळीला आयकर खाते केवळ करचुकवेगिरीची रचना म्हणू शकते. अमेरिकेत राहणाऱ्याला परदेशी व्यक्तीकडून वर्षात एक लाख डॉलरपेक्षा अधिक भेट मिळाल्यास तेथील कर खात्याला कळवावे लागते आणि न कळवल्यास दंड जबर असतो. अडीच लाख रुपये वाचवण्यासाठी पन्नास लाखांचा हक्क सोडायचा का, असा हा सरळ प्रश्न आहे.

नामनिर्देशनाबाबतही असाच गैरसमज आहे. संस्थेच्या दफ्तरी वडिलांनी मुलीचे नाव नामनिर्देशित म्हणून दिले होते, म्हणून ती एकटी मालक होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरते सदस्यत्व मिळते. मालकी वारसाहक्काने वा मृत्युपत्रानेच ठरते. परदेशी असलेल्या भावंडाच्या संमतीशिवाय झालेली विक्री पुढे न्यायालयात अडकते ती येथेच.

प्रत्यक्ष येणे शक्य नसेल तर कुलमुखत्यारपत्र. ते परदेशी नोटरी किंवा भारतीय वकिलातीसमोर करता येते आणि भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचे मुद्रांक शुल्क भरावे लागते. त्याचा उपयोग सह्यांपुरता. कुलमुखत्यारपत्राच्या आधारे ‘विकलेल्या’ घराची मालकी हस्तांतरित होत नाही, नोंदणीकृत खरेदीखतच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात स्पष्ट केले आहे. साठेखत हा विक्रीचा करार असतो, विक्री नव्हे.

दुसऱ्या देशाची बाजू

न्यू जर्सीच्या भावाचा प्रश्न भारतात संपत नाही. अमेरिकेचा कर जगभरातील उत्पन्नावर आहे आणि भारत-अमेरिका करार भांडवली नफ्यावर दोन्ही देशांना आपापल्या कायद्याप्रमाणे कर लावू देतो. मात्र अमेरिकी कायद्यात वारशाच्या घराचा खर्च मूळ मालकाच्या मृत्युदिनाच्या बाजारमूल्याइतका धरतात. आईचे निधन दोन वर्षांपूर्वी झाले असेल आणि घर तिच्या नावे असेल, तर अमेरिकेच्या दृष्टीने नफा किरकोळ आणि करही किरकोळ. हे सुखाचे वाटते, पण भारतात भरलेल्या कराचे श्रेय अमेरिकेतील त्या कराच्या प्रमाणातच मिळते. म्हणजे भारतातील पाच लाखांचा भार फारसा हलका होत नाही. स्वतः विकत घेतलेल्या घराचे गणित उलटे असते. तेथे दोन्हीकडे नफा दिसतो आणि श्रेय पुष्कळदा कामी येते. आखातात वैयक्तिक आयकरच नसल्याने भारतातील कर हा अंतिम खर्च.

भारतात कर वाचवण्याचे जे दोन जुने मार्ग आहेत ते अनिवासींनाही खुले आहेत. नफा भारतातील दुसऱ्या राहत्या घरात गुंतवणे हा एक. ‘भारतातील’ हा शब्द महत्त्वाचा, कारण लंडन वा डलासमधील घराने आता ही सूट मिळत नाही. दुसरा मार्ग, विक्रीपासून सहा महिन्यांत विशिष्ट सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत पन्नास लाखांपर्यंत गुंतवणूक, पाच वर्षांच्या मुदतीने. ठाण्याच्या भावाचा निम्मा नफा चाळीस लाख आहे. तो सारा रोख्यांत ठेवल्यास भारतातील कर शून्यावर येतो, पैसे मात्र पाच वर्षे रुपयांत अडकतात.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर कायदा, २०२५ घेतो. ‘मागील वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ या गोंधळात टाकणाऱ्या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ हा एकच शब्द येतो, कलमांचे क्रमांक बदलतात, आणि जुन्या क्रमांकांनी लिहिलेले करारांचे मसुदे तपासून घ्यावे लागतील. सध्या व्यवहाराच्या मध्यावर असलेल्यांनी पाहावयाची तारीख आहे हस्तांतरणाची. बयाणा कधी दिला वा शेवटचा हप्ता कधी मिळाला यापेक्षा मालमत्ता कायद्याच्या दृष्टीने कोणत्या दिवशी हस्तांतरित झाली, यावर वर्ष ठरते. आणि त्या वर्षी विक्रेता भारतात किती दिवस होता, हे त्याच्या पारपत्रावरील शिक्क्यांवरून मोजले जाते.